वऱ्हाडांतील सावकारी खतपत्रें आणि मुदतीचा कायदा

अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील सावकारी पेढ्यांचीं, देशमुख-देशपांड्यांचीं आणि देवस्थानांचीं दप्तरें चाळणाऱ्यास एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. एकाच ऋणकोनें एकाच धनकोस लिहून दिलेलीं तीन-चार खतें हातीं लागतात. प्रत्येकांत रक्कम निराळी, आणि ती पूर्वीच्यापेक्षां मोठी. दोन खतांमधील अंतर मात्र तीन वर्षांस कांहीं दिवस कमी. नव्यानें संग्रह करूं लागलेला गृहस्थ यावरून असें अनुमान काढतो, कीं हा कुणबी दर तीन वर्षांनीं सावकाराच्या दारीं जाऊन अधिकाधिक पैका उचलीत होता. मग लग्नकार्य, दुष्काळ, उधळेपणा अशीं कारणें जुळविण्यांत येतात. आमच्या मतें हें अनुमान बहुधा चुकीचें असतें. तें अंतर कुणब्याच्या गरजेनें पडलेलें नसून फिर्यादीच्या मुदतीनें पडलेलें असतें. हा भेद ध्यानांत न घेतल्यास ज्यानें शंभर रुपये घेतले त्याच्या नांवावर पांचशें रुपयांचें कर्ज आपण इतिहासांत मांडूं. आणि जो हिशेब एके काळीं न्यायासनापासून दडला, तो दडविण्यास आपणहि हातभार लावूं. म्हणून कर्ज, ठेव, दगा आणि विश्वासघात यांच्या मुदतीचा विचार, जुनीं खतपत्रें वाचणारास उपयोगी पडेल इतक्या बेतानें, येथें करण्याचें योजिलें आहे.

१. वऱ्हाडची विशेष स्थिति

इ. स. १७२४ मध्यें साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानाचा पाडाव झाला आणि निजामउल्मुल्काचा दक्षिणेंतील अंमल पक्का झाला. तथापि नागपूरकर भोसल्यांचा हक्कहि वऱ्हाडांत चालूच असल्यामुळें रयतेस दोन धनी झाले. यालाच दोअमली म्हणत. ता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवची लढाई झाली, ता. १५ डिसेंबरास गाविलगड पडला, आणि ता. १७ डिसेंबरास देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा बहुतेक मुलूख निजामाकडे गेला. पुढें चंदूलालाच्या कारभारांत वसुलाचे इजारे सावकारांस मिळूं लागले. हैदराबादचा सावकार पुरणमल याच्याकडे एके काळीं जवळजवळ सर्व वऱ्हाड इजाऱ्यानें होता; रेसिडेंटाच्या आग्रहावरून १८३९ मध्यें त्यास काढण्यांत आलें. नंतर पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीस १८४१ मध्यें वसुलाच्या मोठाल्या नेमणुका मिळाल्या. याच पेढीनें वऱ्हाडचा कापूस प्रथम मोठ्या प्रमाणावर मुंबईस नेला आणि खामगांव वगैरे ठिकाणीं कापूस दाबण्याचे पेंच बसविले. १८४३ मध्यें चंदूलालानें राजीनामा दिल्यावर लौकरच पेस्तनजीस वऱ्हाडचे परगणे सोडावे लागले, आणि सरकारास दिलेल्या पैक्याबद्दलचा त्याचा दावा तसाच लोंबत राहिला. ज्या काळीं वसुलाचा इजारदार हाच सावकार आणि त्याचाच शिपाई हाच अंमलदार, त्या काळीं फिर्यादीस मुदत किती, हा प्रश्न कोणी विचारण्याचें कारणच नव्हतें. वजन असेल तोंपर्यंत दावा जिवंत, वजन गेलें कीं दावा मेला; मोठ्या पेढीचीहि गत यापरती नव्हती.

ता. २१ मे १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, परंतु तो इंग्रजी मुलूख झाला नाहीं. स्वामित्व निजामाचें आणि कारभार रेसिडेंटाचा, अशी ही व्यवस्था होती. त्यामुळें हिंदुस्थानसरकारचे कायदे येथें आपोआप लागू होत नसत. ते हिंदुस्थानसरकारच्या परराष्ट्रखात्याच्या जाहीरनाम्यांनीं लागू करावे लागत. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला, तरी ही अडचण पुष्कळ वर्षें राहिली, आणि अखेर १९४१ मध्यें वऱ्हाडच्या कायद्यांसंबंधीं स्वतंत्र कायदा करून बरेच कायदे एकदम लागू करण्यांत आले. खत पाहणारानें येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मूळ कायद्याचें साल पाहून भागत नाहीं. तो वऱ्हाडास केव्हां लागू झाला तें साल पाहावें लागतें. त्याचप्रमाणें एलिचपूर व वाशीम हे जिल्हे १९०५ मध्यें मोडले गेले, तेव्हां त्यापूर्वींचे दिवाणी कागद आजच्या जिल्ह्याच्या नांवानें शोधूं नयेत.

२. स्मृतींची मर्यादा रकमेस, काळास नव्हे

इंग्रजी अंमलापूर्वीं मुदतीची कल्पनाच नव्हती असें कित्येक समजतात. तें बरोबर नाहीं. आपल्या डोळ्यांदेखत दुसरा आपली भूमि वीस वर्षें भोगीत असतां किंवा आपलें धन दहा वर्षें वापरीत असतां जो धनी तोंडांतून शब्द काढीत नाहीं, त्याची हानि होते, असें याज्ञवल्क्यानें सांगितलें आहे. मनूनेंहि दहा वर्षांचा नियम दिला आहे. परंतु या नियमांत दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही, कीं धनी पाहत असला पाहिजे. ज्यास माहीतच नाहीं, त्याचा काळ चालूं लागत नाहीं. दुसरी ही, कीं दोघांहि स्मृतिकारांनीं कांहीं वस्तु या नियमांतून स्पष्टपणें वगळल्या आहेत. गहाण, सीमा, अज्ञानाचें धन, निक्षेप, उपनिधि, स्त्रिया, राजाचें धन आणि श्रोत्रियाचें धन यांस काळ बाधत नाहीं. निक्षेप म्हणजे मोजून, दाखवून विश्वासानें ठेवलेली ठेव, आणि उपनिधि म्हणजे आंत काय आहे तें न सांगतां मोहरबंद करून दिलेली ठेव. म्हणजे ज्या व्यवहारास आज आपण विश्वासघात म्हणतों, त्याला शास्त्रानें मुदत घातलीच नव्हती. ठेव परत न करणारा आणि न ठेवतां मागणारा, असे दोघेहि मनूच्या मतें चोरासारखे शिक्षेस पात्र होत. जेथें कपट दिसून येईल तेथें झालेला व्यवहार परतवावा, हेंहि शास्त्र सांगतें. मिताक्षराकारांनीं तर एक पाऊल पुढें टाकून, वीस व दहा वर्षांच्या नियमानें मूळ स्वत्व जात नसून त्याचें फळ तेवढें जातें, असा अर्थ लाविला.

कर्जाच्या बाबतींत शास्त्राची बंधनें निराळ्या जागीं होतीं. कर्ज कितीहि जुनें झालें तरी तें फेडणें हा धर्म; पित्याचें ऋण पुत्रानें फेडावें. परंतु एका वेळीं मागावयाचें व्याज मुद्दलापेक्षां अधिक होऊं नये, हा दामदुपटीचा नियम होता. येणेंप्रमाणें शास्त्रानें मर्यादा घातली ती रकमेस, काळास नव्हे. हें एक वाक्य खत वाचणारानें मनांत धरून ठेवावें. पुढील सर्व उलगडा त्यावर अवलंबून आहे.

मराठेशाहीच्या व्यवहारांत वसुलीचें साधन तगादा हें होतें. धनकोनें दारीं माणूस बसवावा, धरणें धरावें, अन्नपाणी अडवावें. याचें वर्णन एल्फिन्स्टननें पेशव्यांपासून घेतलेल्या मुलुखावरील आपल्या १८१९ च्या अहवालांत केलें आहे. वतनाचे तंटे तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आणि पंचायतीपुढें पणजोबांच्या वेळच्या गोष्टी निघत. अशा समाजांत जुनें खत जपून ठेवणें म्हणजे हक्क जपून ठेवणेंच होय.

३. इंग्रजी मर्यादा काळास, रकमेस नव्हे

१८५५ च्या अठ्ठाविसाव्या कायद्यानें व्याजाच्या दरावरील जुनीं बंधनें काढून टाकण्यांत आलीं. चार वर्षांनीं १८५९ चा चौदावा कायदा झाला. त्यानें फिर्यादीस मुदती ठरविल्या. त्यानंतर १८७१ चा नववा, १८७७ चा पंधरावा, १९०८ चा नववा आणि १९६३ चा छत्तिसावा, असे मुदतीचे कायदे एकामागून एक झाले. उसनवार दिलेला पैका आणि नोंदणी न केलेलें खत यांस मुदत तीन वर्षें. नोंदणी केलेल्या खतास सहा वर्षें. शास्त्रानें जी मर्यादा रकमेस घातली होती ती सैल झाली, आणि जी काळास घातली नव्हती ती आतां घालण्यांत आली. हेतु चांगलाच होता. जुने साक्षीदार मरतात, आठवण पुसट होते, म्हणून धनकोनें निजून राहूं नये. परंतु परिणाम काय झाला तो आंकड्यांनीं पाहूं.

समजा, १८८० सालीं एका कुणब्यानें दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याजानें शंभर रुपये काढले आणि मध्यंतरीं कांहींच भरणा केला नाहीं. १८८३ मध्यें मुदत भरण्यापूर्वीं सावकार खत पालटून घेतो. व्याज ७२ रुपये, म्हणून नवें खत १७२ रुपयांचें. १८८६ मध्यें तें सुमारें २९६ रुपयांचें होतें. १८८९ मध्यें सुमारें ५०९ रुपयांचें. सरळ व्याजानें नऊ वर्षांचा हिशेब ३१६ रुपये होतो, आणि दामदुपटीनें २०० रुपयांच्या वर जातांच येत नाहीं. परंतु प्रत्येक पालटाच्या वेळीं व्याज मुद्दलांत मिसळून ‘मुद्दल’ या नांवानें नवें जन्मतें; मग दामदुपटीचा नियम लावावा तरी तो या नव्या मुद्दलास लागतो. ऋणकोस मुदतीचा कायदा ढालीसारखा दिला गेला, आणि त्या ढालीखालीं त्याचें कर्ज पांचपट झालें.

पुणें, अहमदनगर भागांत १८७५ च्या मे महिन्यांत, भीमथडी तालुक्यांतील सुपें येथून, जे दंगे उसळले त्यांत लोकांनीं सावकारांचीं खतें हिसकून जाळलीं, हें प्रसिद्धच आहे. त्या दंग्यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळींनींहि तीन वर्षांच्या मुदतीमुळें खतें वारंवार पालटावीं लागतात व व्याज मुद्दलांत चढतें, या गोष्टीकडे बोट दाखविलें. त्याचें फळ म्हणजे १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता त्यानें मुदत वाढवून साध्या खतास सहा व नोंदलेल्या खतास बारा वर्षें केली, आणि खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला. हा कायदा वऱ्हाडास नव्हता. कापसाच्या तेजीनें वऱ्हाडांत पैका खेळत होता आणि आगगाडी झाल्यानें अमरावती, अकोला, खामगांव येथील पेढ्या भरभराटीस आल्या होत्या, हें खरें. परंतु तेजीच्या काळीं काढलेलें कर्ज मंदीच्या काळींहि त्याच रीतीनें तीन तीन वर्षांनीं पालटत गेलें. मध्यप्रांत-वऱ्हाडांत कर्जतडजोडीचे कायदे झाले ते १९३० नंतरच्या दशकांत. तेव्हां दरम्यानच्या काळांतील वऱ्हाडी खतास पुणें-नगरच्या खताचा न्याय लावूं नये. तेथें न्यायाधीशानें मूळ व्यवहार उकलला असण्याचा संभव आहे. येथें तें काम बहुतेक ठिकाणीं इतिहाससंशोधकासच करावयाचें आहे.

४. ‘ठेव’ आणि ‘कर्ज’ या शब्दांतील भेद

पेढीच्या खतावणींत बाहेरून आलेली रक्कम ‘जमा’ या एकाच सदरांत पडते. ती ठेव असो वा कर्ज. परंतु कायद्यानें या दोहोंत मोठें अंतर ठेविलें होतें. मागतांच द्यावयाचें म्हणून घेतलेलें कर्ज असेल, तर तीन वर्षें कर्ज दिल्या दिवसापासून मोजावयाचीं; मागतांच परत करावयाची म्हणून ठेवलेली ठेव असेल, तर तींच तीन वर्षें मागणी केल्या दिवसापासून. एका विधवेनें पेढीवर दोनशें रुपये ठेवून दहा वर्षें मागितले नाहींत, तर ‘ठेव’ या शब्दानें तिचा दावा जिवंत राहतो आणि ‘उसनवार’ या शब्दानें तो सात वर्षांपूर्वींच मेलेला असतो. दागिने, भांडीं, मोहरांचा डबा अशी वस्तु ठेवलेली किंवा गहाण टाकलेली असेल, तर १८७७ व १९०८ च्या कायद्यांत ती परत मागण्यास तीस वर्षें होतीं, आणि तीं ठेवल्या दिवसापासून मोजलीं जात. १९६३ च्या कायद्यानें तीं तीन वर्षांवर आणिलीं, परंतु मोजणी मागणी करून नकार मिळाल्या दिवसापासून केली. स्मृतिकारांनीं निक्षेप व उपनिधि यांस वेगळें काढलें, त्याचेंच हें दूरचें प्रतिबिंब म्हणतां येईल.

यावरून अनामत, अमानत, ठेव, गहाण, उसनवार, कर्जाऊ हे शब्द जुन्या कागदांत लेखकाच्या लहरीप्रमाणें पडलेले नसतात, हें ध्यानांत येईल. मोडी कागदाचें बाळबोध करितांना पुष्कळ जण हे शब्द समानार्थी मानून सारांशांत ‘रक्कम दिली’ एवढेंच लिहितात. तसें करणें म्हणजे कागदाचा प्राण काढून घेणें होय.

५. मिति, तारीख आणि अधिकमास

वऱ्हाडच्या कागदांवर शक, फसली, हिजरी असे निरनिराळे सन आढळतात. फसली सनांत ५९० किंवा ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. मोजणी तेवढ्यावर सोडूं नये. मुदतीच्या कायद्याप्रमाणें दस्तऐवजांतील काळ इंग्रजी पंचांगाप्रमाणें मोजावयाचा असतो. केवळ देशी मिति असलेली हुंडी-चिठी चार महिन्यांनीं देय असली, तर ते चार महिने इंग्रजी धरावयाचे, असें उदाहरणहि १८७७ च्या कायद्यांत दिलेलें होतें.

याचें मर्म अधिकमासांत आहे. एकाच तिथीपासून तीन वर्षांनंतरच्या त्याच तिथीपर्यंत एक अधिकमास पडला, तर ती तिथि इंग्रजी तारखेच्या तीन-चार दिवस आधीं येते. दोन अधिकमास पडले, तर सुमारें सव्वीस दिवस उशिरा येते. अलीकडचेंच उदाहरण घेऊं. शके १९४१ चा पाडवा ६ एप्रिल २०१९ रोजीं होता आणि शके १९४४ चा २ एप्रिल २०२२ रोजीं. पण शके १९४० चा पाडवा १८ मार्च २०१८ रोजीं असून शके १९४३ चा १३ एप्रिल २०२१ रोजीं आला. म्हणजे ‘पाडव्यास खत पालटूं’ असें म्हणणाऱ्या सावकाराची मुदत दुसऱ्या उदाहरणांत सव्वीस दिवस आधींच संपलेली असती. सणाची मिति सोडून भलत्याच दिवशीं पालटलेलें खत दिसलें, तर तारीख इंग्रजींत करून मोजून पाहावी. पुष्कळदां कारण तेथेंच सांपडेल.

६. दग्याची मुदत केव्हां सुरू होते

कर्जाची गोष्ट अशी, दग्याची निराळी. १८५९ च्या कायद्यापासून आजपर्यंत एक तत्त्व अखंड आहे, कीं कपटामुळें ज्यास आपला हक्क कळलाच नाहीं, किंवा हक्काचा कागद ज्याच्यापासून कपटानें दडवून ठेवला, त्याची मुदत तें कपट किंवा तो कागद त्यास कळेपर्यंत सुरू होत नाहीं. १९६३ च्या कायद्यांत तें सतराव्या कलमांत आहे. मालकानें गुमास्त्यावर हिशेबाचा दावा आणावयाचा, तर मुदत तीन वर्षें. पण ती गुमास्तेपणा चालू असतां हिशेब मागून नाकारल्यापासून, किंवा मागितला नसल्यास गुमास्तेपणा संपल्यापासून. मालक मारवाडांत आणि मुनीम अकोल्यास, अशा पेढ्यांच्या कागदांत हिशेब मागणारीं पत्रें जपून ठेवलेलीं दिसतात तीं याचसाठीं. त्या पत्राच्या तारखेवर पुढील सर्व दाव्याचा जीव असे.

परंतु एक प्रकारचा दगा असा होता, कीं ज्यास ही सवलत पुरत नसे. बाजारांत कापसाची गाडी उभी राहते. दलाल, मापारी, अडत्या हे कसर, धर्मादाय, नमुना, झूट अशा नांवांखालीं शेरा-दोन शेर काढून घेतात. प्रत्येक वेळची लूट इतकी थोडी, कीं तिच्यासाठीं कोणी फिर्याद करीत नाहीं, आणि वर्षानुवर्षांची मिळून इतकी मोठी, कीं घर बुडतें. या रोगावर मुदतीचा उपाय नव्हता; जागच्या जागीं बंदोबस्त हाच उपाय होता. कारंजें येथील कापसाच्या बाजारास १८८६ मध्यें हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमानें नियम लागले, आणि १८९७ मध्यें वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. हिंदुस्थानांतील नियंत्रित बाजारांचा उगम येथें आहे. या बाजारांच्या मापाच्या चिठ्या आणि दरपत्रकें आज रद्दींत जातात. संग्राहकांनीं तीं वांचवावीं.

७. देवस्थानें आणि विश्वस्त

विशिष्ट कार्यासाठीं विश्वासानें सोपविलेली मालमत्ता विश्वस्ताकडून परत मिळविण्यास कोणतीहि मुदत नाहीं, हें तत्त्वहि १८५९ पासूनच चालत आलें आहे; पुढील कायद्यांत तें दहाव्या कलमांत आहे. परंतु १९२१ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें असा निर्णय दिला, कीं मठाचा महंत, देवस्थानाचा शेबाईत किंवा मुतवल्ली हा इंग्रजी अर्थानें विश्वस्त नव्हे. मालमत्ता देवाची किंवा संस्थेची, आणि तो तिचा व्यवस्थापक. त्यामुळें या कलमाचें संरक्षण अशा संस्थानांस मिळेना. १९२९ च्या पहिल्या कायद्यानें कलम सुधारून हिंदु, मुसलमान व बौद्ध धर्मादायांचे व्यवस्थापक हे या कामापुरते विश्वस्त समजावेत, असें ठरविलें. तेव्हां १९२१ ते १९२९ या आठ वर्षांतील देवस्थानी दाव्यांचे कागद पाहतांना, मुदतीच्या मुद्द्यावर गेलेला दावा खोटा होता असें समजूं नये. हक्क खरा आणि दावा मुदतबाह्य, असा प्रकार त्या काळीं सहज संभवनीय होता.

८. फौजदारी बाजू

येथवर दिवाणीची गोष्ट झाली. दंडसंहितेप्रमाणें फसवणूक आणि विश्वासघात हे गुन्हेहि आहेत. १८६० च्या संहितेखालीं या गुन्ह्यांच्या खटल्यास शंभर वर्षांहून अधिक काळ मुदतच नव्हती. राजाच्या दृष्टीनें गुन्हा म्हातारा होत नाहीं, असें तें तत्त्व होतें. त्यामुळें मुदत गेलेल्या पैक्यासाठीं दिवाणीचें दार बंद झालें, कीं फौजदारीचें ठोठावण्याची प्रवृत्ति वाढे. फौजदारी फिर्यादीचा कागद दिसला म्हणजे त्यामागें मुदतबाह्य दिवाणी दावा आहे काय, हें पाहावें. १९७३ च्या फौजदारी प्रक्रियासंहितेनें, म्हणजे १ एप्रिल १९७४ पासून, प्रथमच मुदती आल्या. केवळ दंडाच्या गुन्ह्यास सहा महिने, एक वर्षापर्यंतच्या शिक्षेस एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेस तीन वर्षें. त्याहून मोठ्या शिक्षेस मुदत नाहीं. गुन्हा कळला नसेल तर कळल्यापासून मोजणी, आणि न्यायासाठीं अवश्य असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयास. २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें, मुदत पाहतांना फिर्याद दाखल केल्याचा दिवस धरावा, न्यायालयानें दखल घेतल्याचा नव्हे, असें ठरविलें.

यांतून एक विचित्र भेद उत्पन्न झाला. साध्या विश्वासघातास शिक्षा तीन वर्षांची, म्हणून मुदत तीन वर्षें. साध्या फसवणुकीस शिक्षा एक वर्षाची, म्हणून मुदत एकच वर्ष. आणि फसवून मालमत्ता उपटल्यास किंवा कारकुनानें अगर नोकरानें खयानत केल्यास सात वर्षांची शिक्षा, म्हणून मुदतच नाहीं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहिता लागू झाली. तींत साध्या विश्वासघाताची शिक्षा पांच वर्षांपर्यंत नेल्यामुळें त्या दिवसापासून घडणाऱ्या विश्वासघातास मुदत उरली नाहीं, आणि साध्या फसवणुकीची शिक्षा तीन वर्षांपर्यंत गेल्यानें तिची मुदत तीन वर्षें झाली. निक्षेपास काळ बाधूं नये, हें स्मृतिकारांचें म्हणणें इतक्या वळणांनंतर शिक्षेच्या आंकड्याच्या वाटेनें का होईना, परत आलें आहे.

९. सर्व प्रांताचेंच खत

शेवटीं एका मोठ्या खताचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांकडे आला तो कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठीं. रेसिडेंटानें दरवर्षी खरा हिशेब द्यावा आणि शिल्लक निजामास पोंचवावी, अशी त्यांत अट होती. १८६० च्या तहांत हा प्रांत त्याच कार्यासाठीं विश्वासानें ठेवावयाचा, असे शब्द आले. सुमारें पन्नास लाखांचें कर्ज रद्द झालें. परंतु हिशेब मागण्याचा हक्क निजामानें सोडला. ठेव राहिली आणि हिशेब गेला! सालारजंगानें प्रांत परत मागितला, तो मिळाला नाहीं. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारानें वार्षिक पंचवीस लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे राहिला. १९२३ मध्यें निजाम मीर उस्मान अलीखान यांनीं मागणी पुन्हा उकरली, आणि ता. २७ मार्च १९२६ च्या पत्रांत लॉर्ड रीडिंगनें, एकदां निकालांत निघालेली गोष्ट पुन्हा काढतां येत नाहीं, अशी भूमिका घेऊन ती फेटाळली. राजाराजांतील ठेवीस मुदतीचा कायदा नाहीं. तेथें निकाल देणारा व ठेव बाळगणारा एकच असला म्हणजे काय होतें, तें येथें दिसतें. गांवच्या सावकाराचें पालटलेलें खत आणि १८५३, १८६०, १९०२ या सालीं पालटत गेलेलें वऱ्हाडचें खत, यांतील साम्य वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

१०. संग्राहकांस विनंती

वरील विवेचनावरून कांहीं व्यावहारिक सूचना निघतात. खत पालटतांना जुनें खत फाडून ऋणकोस परत देण्याची रीत होती. म्हणून साखळीचे जुने दुवे कुणब्याच्या घरीं आणि शेवटचा दुवा सावकाराच्या किंवा कचेरीच्या दप्तरांत असतो. फाटकें खत कमी किंमतीचें मानूं नये. मूळ रक्कम त्यांतच असते. खताच्या पाठीवरील वसुलाच्या ओळी उतरून घ्याव्या; व्याजाचा किंवा अंशतः भरणा ऋणकोच्या हस्ताक्षरांत असला कीं मुदत नव्यानें सुरू होई. वहींतील बाकीखालीं एक आण्याचें तिकीट लावून घेतलेली सही ही वीस रुपयांवरील कर्जाची कबुली होय. तिकिटांच्या हौसेनें तें तिकीट सोडवून काढणारा मनुष्य कबुलीच नाहींशी करतो. मुदत गेल्यानंतरची लेखी कबुली आढळली तर तीहि निरर्थक समजूं नये. १८७२ च्या कराराच्या कायद्याच्या पंचविसाव्या कलमानें असें लेखी वचन बंधनकारक होतें, आणि बापाचें ऋण ठेवूं नये या समजुतीनें तें पुष्कळांनीं दिलेलें आहे. रुमाल सोडून कागद विषयवार लावूं नयेत; ज्या क्रमानें बांधलेले असतील त्याच क्रमानें नोंदावे.

श्री. यादव माधव काळे यांनीं १९२४ मध्यें ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहून राजकीय हकीकतीचा पाया घातला. त्या पायावर रयतेच्या देण्याघेण्याचा इतिहास अद्यापि उभारावयाचा आहे, आणि त्याचें साहित्य लढायांच्या बखरींत नसून तीन तीन वर्षांनीं पालटलेल्या या खतांत आहे. हीं खतें शेवटापासून आरंभाकडे वाचावीं, प्रत्येक मुद्दलांतून व्याज वेगळें काढावें, आणि अखेरीस जी लहानशी रक्कम उरेल ती त्या कुणब्याच्या नांवावर मांडावी. मुदत न्यायालयास आहे, इतिहासास नाहीं. आणि न्यायालयांत जो हिशेब झाला नाहीं, तो करण्याची वेळ अजून गेलेली नाहीं.